'कुथित मृदा' : जंगलाच्या मातीला हे नाव शोभतं का?

अक्षरवेडा : मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ह्यूमससाठी, म्हणजे पालापाचोळा कुजून होणाऱ्या काळ्या मातीसाठी, 'कुथित मृदा' असा शब्द आहे. "बाबा, कुथित म्हणजे काय?" मला आधी 'कुंथणं' आठवलं, ते तिला सांगितलं नाही. जाणकारांनी उलगडा करावा.

पाणिनीचा शेजारी : धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, 'कुथ पूतीभावे' आहे. पूती म्हणजे दुर्गंधी, म्हणून कुथित म्हणजे घाण वास सुटलेलं. गंमत अशी की रानातली काळी माती मूठभर उचलून हुंगली तर पहिल्या पावसाचा वास येतो! तो जिओस्मिन या रसायनाचा. स्ट्रेप्टोमायसिस गटातले जिवाणू तो तयार करतात. लॅटिनमध्ये 'ह्यूमस' म्हणजे नुसती माती, त्यात वासाची भानगड नाही. मला 'कुजमाती' चालेल. कोंडलेलं सडतं, वारा लागलेलं कुजतं.

अक्षरवेडा : पण 'कुजका वास' म्हणतोच की आपण.

पाणिनीचा शेजारी : म्हणतो खरं. तेवढा मुद्दा मागे घेतो.

तळकोकणी : आमच्याकडे गळलेल्या पानांना 'पातेरो' म्हणतात. भाजावळीसाठी, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजायला, तो गोळा करतात, पण देवराईतला सहसा कोणी उचलत नाही, काटकीसुद्धा नाही. तिथं पायानं उकरून बघा. वर खुळखुळणारी पानं, खाली शिरांची नुसती जाळी राहिलेली, त्याखाली काळी भुसभुशीत माती, आणि मग जांभा. जांभ्यातली अन्नद्रव्यं पाऊस धुऊन नेतो, त्यामुळे झाडांचं पोट बरंचसं या वरच्या थरावर भरतं. बारीक मुळ्या तिथंच गर्दी करतात. आजी या थराला सरळ 'खत' म्हणायची.

रानभूल : गोव्यातली 'रोयण अळमी', म्हणजे वारुळावरची अळंबी, इथं आठवली. कोकणीत रोयण म्हणजे वारूळ. वाळवी पाचोळा-लाकूड वारुळात नेते, त्यावर बुरशी पिकवते आणि ती बुरशी खाते. पावसाळ्यात तीच बुरशी छत्र्या होऊन वर येते आणि आपण ती रश्शात घालतो. इतका कारभार चालणाऱ्या जागेला 'कुथित' म्हणणं जिवावर येतं. त्यापेक्षा बुरशी आणि झाडाची मुळं यांच्या जोडीसाठीचा 'कवकमूल' हा शब्द बघा, कसा नेमका आहे. 1885 साली फ्रांक या जर्मन शास्त्रज्ञानं ग्रीकमधले बुरशी आणि मूळ हे शब्द जोडून 'मायकोरायझा' केला, आपण तीच जोडी लावली. बुरशीचे धागे झाडाला पाणी आणि स्फुरद (फॉस्फरस) आणून देतात, झाड त्यांना साखर देतं. शब्दातच दोघं शेजारी बसलेत!

अक्षरवेडा : सगळं वाचून दाखवलं. लेकीला 'पातेरो' फार आवडला. परीक्षेत मात्र 'कुथित मृदा'च लिहिणार म्हणते, अर्धा गुण जातो म्हणून.