जंत, कृमी, अळी की किडा? (बोलणारे आपापल्या गावाच्या नावाने)

कळवा: मामींची वाशीत सोनोग्राफी झाली, पित्ताच्या नळीत राउंडवर्म दिसला. आजीला 'जंत' म्हणून सांगितलं तर तिला पटेना. जंत पोटात होतात, तिथे कुठले? मग 'कृमी' म्हणू का 'किडा'?

घणसोली: जंतच म्हणा. तो आतड्यातलाच आहे, वर चढलाय. पूर्ण वाढला की 15 ते 35 सेंटीमीटर. पित्तनलिका लहान आतड्यातच उघडते आणि याला बारीक भोकात शिरायची भारी खोड. ताप आला, भूल दिली की जास्तच भटकतो. नाकातोंडातूनही बाहेर येतो कधीकधी. जागा बदलली म्हणून नाव कशाला बदलायचं? शाळेत 10 फेब्रुवारीला देतात ती गोळीसुद्धा 'जंताची'च.

कोपरी: अर्धंच पटलं. बोलण्यात 'जंत' पोटाला चिकटलाय. नारू घ्या. तोही याच जातकुळीतला, मादी मीटरभरसुद्धा लांब. पायाच्या कातडीतून तोंड काढायची, मग काडीला गुंडाळत रोज थोडी थोडी ओढायची. पण 'पायात जंत झाला' असं कोणी म्हटलं नाही, 'नारू निघाला' म्हणत. 2000 साली देश नारूमुक्त ठरला, आता पोरांना शब्दही माहीत नाही. कुत्र्याकडून डासामार्फत येऊन माणसाच्या डोळ्यात सापडतो, त्याला तर बोलीत नावच नाही. तिथे 'कृमी' बरा.

कळवा: आणि किडा?

घणसोली: अजिबात नको. क्रियापदं बघा ना: जंत होतात, नारू निघतो, किडे पडतात. पडतात ते उघड्या जखमेत, आणि त्या माशीच्या अळ्या. शिवाय 'किडे पडोत' हा शाप. आजी हाय खाईल.

कोपरी: 'अळी' मात्र एका ठिकाणी बरोबर आहे. मामींच्या जंताची अंडी पोटात गेली की त्यातून निघालेली पिल्लं आतड्याची भिंत भेदून रक्तातून फुफ्फुसात जातात, तिथून घशाशी येतात, गिळली जातात आणि मग पुन्हा आतड्यात. त्या अवस्थेला अळीच म्हणतात. म्हणजे पोटात 'झालेला' जंत आधी छाती फिरून आलेला असतो! आजीला एवढ्यात सांगू नका.

नेरुळ: कागदावर लिहायचं तर 'गोलकृमी' लिहा. 'सूत्रकृमी' हे जंत, नारू अशा अख्ख्या गटाचं नाव, आणि ते शेतीवाल्यांनी जास्त वापरलंय. डाळिंबाच्या मुळांना गाठी आणतात ते सूत्रकृमी. आमच्या गावाकडे हा शब्द काढलात तर लोक आधी बागेचंच विचारतील.