प्रतिसाद: पैसे कापले, पण दुकानदाराला मिळाले नाहीत

दुकानात कार्डाने पैसे भरताना खात्यातून रक्कम गेली, पण दुकानदाराला मिळाली नाही, तर कुठे जायचं, या प्रश्नावर वर एकांनी सुचवलंय की स्वाइप मशीन ज्या बँकेचं आहे तिच्याकडे जा. कृपया तसं करू नका, उगाच हेलपाटे पडतील. मशीनवाली बँक दुकानदाराची. तुमचं नातं कार्ड देणाऱ्या बँकेशी. मशीनमध्ये पिन टाकला की विनंती व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपेच्या जाळ्यातून तुमच्याच बँकेकडे जाते. पिन, शिल्लक किंवा मर्यादा, संशयास्पद काही आहे का, हे तीच तपासते आणि होकार-नकार देते. त्या होकारासरशी डेबिट कार्डाच्या खात्यातून रक्कम वजा होते. परतीच्या वाटेत नेटवर्क तुटलं, की दुकानात पावती निघत नाही आणि तुम्हाला मात्र एसएमएस येतो.

यावर रिझर्व्ह बँकेचा 2019 चा स्पष्ट नियम आहे: व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवसांत पैसे आपोआप परत, पुढे उशिराच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई. ती मागावी लागू नये असंच नियमात आहे, तरीही तुमच्या बँकेकडे लेखी तक्रार करून तिचा क्रमांक घ्याच. फोनवरच्या "बघतो" ला काही अर्थ नसतो. तक्रारीनंतर 30 दिवसांत दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी) ऑनलाइन तक्रार करता येते, तीही फुकट.