११ केव्ही मोटरचं मायका (अभ्रक) इन्सुलेशन, जाडी न वाढवता सुधारता येईल का?

प्रश्न: जुना स्टेटर बार (मोटरच्या स्थिर भागातली, इन्सुलेशन गुंडाळलेली तांब्याची पट्टी) कापून बघितला तर तांब्याला लागूनच मायका टेपचे थर सुटलेत, नख घातलं तर कागदासारखे उलगडतात. टॅन डेल्टा (इन्सुलेशनमध्ये वाया जाणाऱ्या विजेचं माप) पण व्होल्टेज वाढवलं की भराभर चढत होता. नवीन कॉइलला दोन थर जास्त मारू का?

उत्तर १: थर वाढवू नका हो. मायका-इपॉक्सीची उष्णता वाहून नेण्याची क्षमता साधारण ०.२५ वॅट प्रति मीटर केल्विन, तांब्याची ४०० च्या आसपास, म्हणजे जाडी वाढवली की उष्णता आतच कोंडते आणि वर स्लॉटमधली (बार बसतो त्या खाचेतली) तांब्याची जागाही जाते. बोरॉन नायट्राइड भरलेली टेप मिळते, ती उष्णता सोडते पण वीज नाही. फक्त फिलर (बोरॉन नायट्राइडची भर) जास्त झाला की रेझिन (थर चिकटवणारं इपॉक्सी) आत शिरायला अडतं, हे लक्षात ठेवा.

उत्तर २: वरच्यांशी सहमत, पण माझ्या मते खरा घोळ थरांमधल्या पोकळीचा आहे. पोकळीत पार्शल डिस्चार्ज (बारीक ठिणग्या) होतो, मायका तो वर्षानुवर्षं सोसतो, इपॉक्सी मात्र हळूहळू खाल्लं जातं. टेपचा ताण सगळीकडे सारखा ठेवा, सुरकुती अजिबात नको, व्हॅक्युममध्ये ओल पूर्ण काढा आणि रेझिन शिरताना कपॅसिटन्स (विद्युत भार साठवण्याची क्षमता) मोजत राहा, तो वाढायचा थांबून स्थिर झाल्याशिवाय प्रेशर सोडू नका. आम्ही घाई केली होती एकदा, अख्खा सेट परत गुंडाळावा लागला!

प्रश्नकर्ता: कपॅसिटन्स आम्ही कधी बघितलाच नाही, नुसती वेळ धरून काढायचो. आधी एका बारवर करून बघतो, टॅन डेल्टाचे आकडे इथेच टाकतो.