लातूर: वरच्या मजल्यावरचा जुना फ्लॅट वाढवून भाड्यानं द्यायचाय, सल्ला द्या

औसारोडकर: नमस्कार मंडळी, लातूरला वडिलांनी घेतलेला टू बीएचके आहे, तिसऱ्या म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर, बिल्डिंग १९९१ ची. नीटच्या क्लासला येणाऱ्या पोरांना कॉट बेसिसवर द्यायचाय. पण स्लॅब गळतोय, बेडरूमच्या कोपऱ्यात पुट्टी फुगून पोपडे पडायलेत, आणि मिस्त्री म्हणायलाय की गच्चीवर दोन खोल्या काढून आतून जिना घ्या, भाडं दुप्पट होईल. बिल्डिंगवाले तोंडी हो म्हणतात. विटेत बांधावं का पत्रे टाकावेत?

साइटवाला: दादा, आधी स्ट्रक्चरल ऑडिट करा, म्हणजे इंजिनिअरकडून बिल्डिंगची मजबुती तपासून घ्या, मग वीट आणा. दहा बाय दहा फुटाची एकच नऊ इंची भिंत जवळपास चार टन भरते, तुम्ही तर दोन खोल्या म्हणताय. १९९३ ला किल्लारीचा भूकंप या बिल्डिंगनं सोसलाय आणि तिचे कॉलम त्याच्याही आधीच्या हिशोबाचे. तीस वर्षांवरच्या बिल्डिंगचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करा असं सोसायटीच्या उपविधीतच आहे, त्यामुळं खर्च एकट्यानं उचलू नका. गळतीचं म्हणाल तर जुना कोबा, म्हणजे गच्चीवरचा वॉटरप्रूफिंगचा जाड थर, हातोडीनं ठोकून बघा, पोकळ वाजला की तिथून पाणी मुरतंय. बरेच जण त्याच्यावरच नवा कोबा मारतात, शंभर चौरस फुटाला दोन टन वजन फुकट वाढतं. जुना काढा, सळई गंजली का बघा, चिरा भरा, उतार पाइपाकडं द्या, पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) कडेला वाटा मारा, म्हणजे कोपरा सिमेंटनं गोलसर भरून घ्या, आणि पाणी साठवून दोन दिवस ठेवा. हे मृगाच्या आधीच उरकायचं.

नांदेडची आई: माझा मुलगा लातूरला अशाच वरच्या मजल्यावर राहायचा, मार्चपासून दुपारी खोलीत बसवतच नव्हतं, शेवटी खोली बदलली. दोन खोल्या जास्त काढण्यापेक्षा गच्चीला पांढरा चायना मोझॅक (फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांची फरशी) करा आणि खिडक्या मोठ्या ठेवा हो, लेकरं दिवसभर तिथंच अभ्यास करतात.

सोसायटी सेक्रेटरी: भाऊ, गच्ची सगळ्यांची असते, तोंडी हो ला काही किंमत नाही, उद्या एक जण फिरला की काम पाडायची पाळी. जनरल बॉडीचा ठराव आणि महापालिकेची परवानगी दोन्ही लागतं, पत्र्याचं असलं तरी. अन् पाण्याचं बघितलं का? २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं आपल्याला. सहा पोरं म्हणजे रोजचं आठशे लिटर धरा, पण वाढीव टाकी स्लॅबच्या मधोमध ठेवू नका, हजार लिटर म्हणजे एक टन. करार अकरा महिन्यांचा असला तरी रजिस्टर करा, भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार ती जबाबदारी मालकाची आहे.

औसारोडकर: सगळ्यांचे मनापासून आभार. गच्चीचं राहू द्या मग. हॉल बराच मोठा आहे, तो मधून पार्टिशन करून तिसरी खोली काढली तर?

साइटवाला: चालेल, चार इंची एएसी ब्लॉकमध्ये (हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या विटांत) करा, विटेच्या निम्म्याहून कमी वजन. दोन्हीकडं खिडकी येईल अशीच भिंत घ्या. बाथरूम वाढवायचं तर जुन्याला लागूनच, म्हणजे तीच ड्रेनेज लाइन मिळते. खालच्या फ्लॅटवाल्याला मात्र आधी सांगा.