नेमबाजीचा क्लब जरूर लावा, पण बंदूक घरात कशाला?

गोदातीर:

पॅरिस ऑलिंपिकला १ ऑगस्ट २०२४ रोजी स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून नेम) कांस्य जिंकलं, तेव्हापासून माझ्या ओळखीतले बरेच जण नेमबाजीची चौकशी करताहेत. स्वप्निल कोल्हापूरकडचा, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. पण सुरुवातीची घडण इथे नाशिकला झाली, म्हणून आपल्याला तो घरचाच वाटतो. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदकासाठी ७२ वर्षं लागली. त्यामुळे पोरांनी नेमबाजीच्या रेंजवर गर्दी केली तर मला आनंदच आहे.

मला खटकतो तो मोठ्यांचा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न फीचा असतो आणि लगेच दुसरा, "क्लब लावला की परवाना लवकर मिळतो का हो?" म्हणजे ओढ खेळाची नाही, कपाटात पिस्तूल असण्याची आहे.

खेळ म्हणून नेमबाजीइतकं माणसाला ताळ्यावर आणणारं दुसरं काही मी पाहिलेलं नाही. एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा, तोही दहा मीटरवर. स्पर्धेत ६० छर्रे, ७५ मिनिटं. मनात घरचं भांडण घोळत असेल तर छर्रा सरळ आठात जातो. अंबडच्या कारखान्यात पाळी करून आलेल्या माणसाने संध्याकाळी तासभर असं उभं राहावं, यापेक्षा चांगला छंद कोणता? आणि यासाठी शस्त्र परवाना लागतच नाही. स्पर्धेतली ४.५ मिलिमीटरची एअर रायफल परवान्यासाठी ठरवलेल्या २० ज्यूल ताकदीच्या मर्यादेच्या खूप आत असते.

काडतुसाचं हत्यार आलं की मात्र गोष्ट बदलते. माझं मत असं: पॉइंट टू टू (.२२ बोअरची) रायफल असो की पिस्तूल, छंदासाठी असेल तर ते क्लबातच राहावं. घरात रागाचे दिवस येतात, दारूचे येतात, कर्जाचे येतात. ज्या क्षणी माणूस स्वतःच्या जिवावर उठतो, त्या क्षणी हाताशी काय आहे यावर सगळं ठरतं. गोळी विचार बदलायला वेळ देत नाही.

दहा_पॉइंट_नऊ:

गोदातीर, खेळाबद्दलचं सगळं मान्य, निष्कर्ष अजिबात मान्य नाही. तुम्ही रायफलीला क्रिकेटच्या किटबॅगमधली सामाईक बॅट समजताय. माझ्या रायफलीचा दस्ता माझ्या खांद्याला, गालाला, हाताच्या लांबीला मिलिमीटरने बसवलेला आहे. पिस्तूलवाल्यांची लाकडी मूठ तर प्रत्येकाच्या तळहाताप्रमाणे घासून घेतलेली असते. क्लबच्या हत्यारावर शिकता येतं, गुण वाढवता येत नाहीत.

आणि निम्मा सराव घरीच होतो. गोळी न भरता भिंतीवरच्या ठिपक्यावर नेम धरायचा, चाप दाबायचा, नळी किती हलली ते बघायचं. हे रोज करावं लागतं. नोकरी सांभाळून रोज रेंजवर कोण जाणार?

तुम्ही कायद्याचंही अर्धंच सांगितलंत. १९५९ च्या शस्त्र कायद्यात मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला टार्गेटच्या सरावासाठी पॉइंट टू टू रायफलीचा परवाना देण्याची वेगळी तरतूद आहे. संसदेनेच हा खेळ मानलाय. आपल्याकडे राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ ची, पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळणकर, म्हणजे लोकसभेचे पहिले सभापती. असल्या परंपरेच्या माणसाला तुम्ही कपाटात पिस्तूल लपवणाऱ्याच्या रांगेत बसवता, याचा राग येतो.

सिडकोवाली:

मला दोघांचंही पटत नाही. माझा मुलगा १४ वर्षांचा आहे. आमच्याकडे दर थोड्या दिवसांनी बातमी येते, अमक्याकडे गावठी कट्टा सापडला, तमक्याने कोयता घेऊन रील टाकली. वीस वर्षांची पोरं असतात ती. अशा हवेत मुलाच्या हातात बंदूक, मग ती छर्ऱ्याची का असेना, द्यायची आणि म्हणायचं हा खेळ आहे? त्याला पोहायला पाठवीन, मल्लखांबाला पाठवीन. हत्याराची नवलाई एकदा लागली की सुटते का, याचं उत्तर मला कोणी देत नाही.

तोफखाना_निवृत्त:

ताई, उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. देवळालीत उमेदीची वर्षं गेली, हत्यारांशी रोजचा संबंध. नवलाई असते ती न हाताळलेल्याला. रेंजवर मुलाला पहिल्या आठवड्यात नेम शिकवतच नाहीत. नळी कायम टार्गेटकडे, बोट चापाबाहेर, हुकूम झाल्याशिवाय भरायचं नाही, पुढे कोणी गेलं असेल तर हत्याराला हात नाही, नळी रिकामी असल्याची खूण म्हणून तिच्यात रंगीत सेफ्टी दोरी दिसलीच पाहिजे. हे चुकलं की चांगला कोच त्या दिवसापुरता घरी पाठवतो. असा मुलगा रील टाकत नाही, कारण नळी माणसाकडे वळवणं म्हणजे काय हे त्याच्या अंगात भिनलेलं असतं.

आता दहा_पॉइंट_नऊ, तुमच्याशी. पलटणीत जवान स्वतःचं हत्यार स्वतःपेक्षा जास्त जपतो. तरी रात्री ते त्याच्या पलंगाखाली नसतं, कोतात, म्हणजे पलटणीच्या शस्त्रागारात, जमा असतं. सकाळी नोंद करून घ्यायचं, संध्याकाळी साफ करून, मोजून परत द्यायचं. ज्याला देशाने हत्यार चालवायला शिकवलं त्याच्यावर हा नियम आहे, आणि त्यात कोणाला अपमान वाटत नाही. मग नागरी छंदवाल्याला का वाटावा?

निफाडकर:

शहरातल्या मंडळींनी शेताकडेही बघावं. आमच्या उसात बिबट्या राहतो. थ्री फेज लाइट रात्रीची, म्हणजे पाणी द्यायला रात्रीच जावं लागतं. आमच्याकडे आजोबांच्या वेळची बारा बोअरची बंदूक आहे, परवान्याची. बिबट्याला मारायला नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला हात लावता येत नाही हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण वस्तीवर एकटं घर असलं की धीर येतो. "घरात बंदूक कशाला" हे गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये बसून विचारणं सोपं आहे.

गोदातीर:

निफाडकर दादा, तुमच्या बारा बोअरबद्दल माझी तक्रार नाही. ती गरज आहे, आणि गरजेचा अर्ज गरजेच्या नावाने करावा. छंदाच्या नावाने केलेल्या अर्जावर माझा आक्षेप आहे. तुम्ही दर निवडणुकीला आचारसंहिता लागली की ती पोलिस ठाण्यात जमा करत असाल, परत आणत असाल, नूतनीकरणाचे हेलपाटे मारत असाल. हा जाच तुम्ही गरज म्हणून सोसता. छंदवाल्याने हे का ओढवून घ्यावं?

दहा_पॉइंट_नऊ, घरच्या सरावाचा मुद्दा वजनदार आहे. पण तुम्ही ज्याचं वर्णन केलंत तो सराव एअर रायफलवर होतो. ती घरी ठेवा, मी तक्रार करणार नाही. प्रश्न काडतुसाच्या हत्याराचा आहे.

वकील_नाशिकरोड:

थोडी कायद्याची भर. शहरात परवाना पोलिस आयुक्तालयातून, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडून. २०१६ च्या शस्त्र नियमांनी अर्जदाराला सुरक्षेचं प्रशिक्षण घेणं आणि हत्यार सुरक्षित ठेवण्याची हमी देणं बंधनकारक केलं. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाकडे तीनऐवजी दोनच हत्यारं राहू शकतात, खेळाडूंना वेगळी सवलत आहे. त्याच दुरुस्तीने लग्नात, वरातीत हवेत गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

परवान्यासाठीच क्लब लावणाऱ्यांना एवढंच सांगेन, क्लबच्या सदस्यत्वावर मागितलेला परवाना टार्गेटच्या सरावासाठी असतो. कमरेला पिस्तूल लावून कॉलेज रोडवर फिरायला तो नाही.

दहा_पॉइंट_नऊ:

काकांचं कोताचं उदाहरण मनाला लागलं, पण त्यातच माझं उत्तर आहे. कोतावर चोवीस तास पहारा असतो. खासगी रेंजवर रात्री काय असतं? पत्र्याचं शेड आणि एक म्हातारा वॉचमन. तिथे वीस रायफली एका खोलीत ठेवल्या तर चोराला वीस घरं फोडायचे कष्ट वाचतील. माझ्या घरी भिंतीत काँक्रीटने बसवलेली तिजोरी आहे, चावी फक्त माझ्याकडे. गोदातीर, तुम्ही "क्लबात ठेवा" म्हणता, तेव्हा कोणत्या क्लबात हेही सांगा.

आणि दारू, कर्ज, रागाचं म्हणाल तर ती भीती मीही मानतो. आमच्या खेळात मन ढासळलेली माणसं लवकर ओळखू येतात, कारण गुण ढासळतात. अशा वेळी बरोबरचे नेमबाज हत्यार काढून घेतात, मी हे होताना पाहिलंय. एकट्याच्या घरात ठेवलेली आणि क्लबाशी रोज नातं असलेल्या माणसाची बंदूक, या दोन्हींना एका मापाने मोजू नका.

तोफखाना_निवृत्त:

मधला मार्ग आहे की. पॉइंट टू टू रायफलीचा बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत सरकवणारा भाग, दोन सेकंदात निघतो. बोल्टशिवाय ती नुसती नळी. रायफल क्लबात, बोल्ट मालकाच्या घरी कुलपात, काडतुसं तिसऱ्या जागी. चोर आला तर त्याच्या हाती लोखंड लागेल.

दहा_पॉइंट_नऊ:

रायफलीपुरतं चालेल, काका. पिस्तूलवाल्यांचं काय करायचं ते सुचवा.

सिडकोवाली:

मी अजून "हो" म्हटलेलं नाही. पण ते घरी पाठवण्याचं जे सांगितलंत, ते खरोखर होतं का हे बघायला मी स्वतः रेंजवर जाऊन बसणार आहे, मुलाला न घेता. कोच मला बसू देणार नसेल तर विषय तिथेच संपला.

तोफखाना_निवृत्त:

जरूर बसा ताई. शक्यतो रविवारी सकाळी जा, नवी मुलं तेव्हा जास्त असतात. छर्रे शिशाचे असतात, तेव्हा खेळून झाल्यावर मुलं खाण्याच्या डब्याला हात लावण्याआधी हात धुतात का, तेही बघा. जो कोच हे बघतो, तो बाकीचंही बघत असतो.