मदत हवी आहे: निफाडची थंडी, शेडचे पडदे बंद तरी कोंबड्या शिंकतात

शेड 20 × 10 फूट, पत्र्याचं. 100 कावेरी कोंबड्या, खाली भाताचं तूस. थंडी वाढल्यापासून ताडपत्रीचे पडदे रात्रभर घट्ट बंद ठेवतो. सकाळी पत्र्यातून पाणी टिपकतं, आत गेलं की डोळे चुरचुरतात, काही कोंबड्या शिंकतात. अंडीही घटली. बल्ब किती लावू? पुढच्या आठवड्यात एक दिवसाची 200 पिल्लं येणार आहेत.

उत्तर:
मोठ्या कोंबड्यांना बल्ब नको. पिसं कोरडी असतील तर 5-6 अंश त्या सहज काढतात. मार बसतोय तो ओलीचा आणि ओल्या विष्ठेतून निघणाऱ्या अमोनिया वायूचा. 100 कोंबड्या दिवसाला वीसेक लिटर पाणी पितात, त्यातलं बरंचसं विष्ठेतून आणि श्वासातून शेडमध्येच येतं. पडदे बंद केलेत, मग ते जाणार कुठे?

पडदा खाली पक्का बांधा आणि खालून वर ओढला जाईल असा करा. वरचा एक फूट रात्रीही उघडा राहू द्या. वरून गुंडाळणारा पडदा उचलला की वारा थेट अंगावर येतो, तो नको. बसायच्या दांड्या दोन-अडीच फूट उंचीवर, कोंबडीमागे 8 इंच, म्हणजे तुम्हाला 10 फुटी सात दांड्या लागतील. चपटी पट्टी असेल तर बसल्यावर बोटं पोटाच्या पिसांखाली झाकली जातात.

तुसाचे ओले गोळे काढून टाका, कोरडं घालून थर 4 इंच करा, दिवसाआड दुपारी हलवा. चुना मात्र जपून. ओल्या तुसावर पडला की आधी वास आणखी उसळतो. कोंबड्या बाहेर असताना, पडदे उघडे ठेवून भुरभुरवा.

अंडी घटली ती बहुधा दिवस लहान झाल्यामुळे. दर आठवड्याला अर्धा तास वाढवत एकूण उजेड 16 तासांवर न्या, पण वाढ पहाटे करा. संध्याकाळी दिवा अचानक गेला तर कोंबड्या दांडीवर न चढता जमिनीवरच राहतात.

प्रश्नकर्ता: धन्यवाद दादा. शिंकांना औषध चालू करू का? आणि पिल्लांचं?

उत्तर:
आधी हवा सुधारा. चार-पाच दिवसांत फरक पडला नाही, किंवा नाकातून पाणी, तोंडावर सूज दिसली तर पशुवैद्यकांना दाखवा. मनाने अँटिबायोटिक देऊ नका, त्याचा अंश अंड्यात उतरतो.

पिल्लं वेगळ्या खोलीत. दीड फूट उंच पत्र्याचं गोल कडं, त्यात पिल्लामागे 2 वॅट, म्हणजे 100 वॅटचे चार पिवळे बल्ब. एलईडीने ऊब मिळत नाही. पिल्लं यायच्या 12 तास आधी चालू करा. पहिला आठवडा पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर 35 अंश, पुढे आठवड्याला 3 अंश कमी. थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघा: बल्बखाली गठ्ठा झाला तर गारठलीत, कड्याला चिकटून चोच उघडी तर तापलीत.

रात्री वीज जाते तिथे गॅस ब्रूडर (पिल्लांना ऊब देणारी गॅसची शेगडी) जवळ हवाच. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवू नका, विषारी वायूने सकाळी सगळी पिल्लं आडवी दिसतील.