फोटो दाखवून 'असंच शिवा' म्हणतात, तेव्हा शिंप्याने काय करावं?

काजबटण (कुडाळ)

वडलांपासून आमचं पुरुषांच्या कपड्यांचं शिलाईचं दुकान आहे. मशिनं दोन, आणि गणपतीच्या आधी तिसरं भाड्याने आणतो. पंधरा दिवसांपूर्वी पुण्याला नोकरी करणारा, सध्या गावी राहून काम करणारा एक मुलगा आला. मोबाइलवर सात फोटो. मुंबईच्या एका डिझायनरचं जॅकेट. हा माणूस फक्त पुरुषांचे कपडे करतो, एका वेळी पंचवीस-तीस नग, संपले की संपले. किंमत अडतीस हजार. निळीत रंगवलेलं कापड, शर्टासारखी कॉलर, पुढे तीन पॅच खिसे, आणि पाठीला व बाह्यांना जुन्या गोधडीचे तुकडे. "मास्तर, असंच करून द्या, चार हजार देतो." हजार रुपये आगाऊ ठेवून गेला.

रात्री दुकान बंद केल्यावर फोटो मोठे करकरून बघत बसलो. गोधडीचं कापड जाड. बाही मुंढ्याला जोडताना चार-पाच थर एकत्र आले की सुई मोडते आणि खांद्यावर गाठोडं दिसतं. या माणसाने धावदोऱ्याच्या ओळी शिवणीच्या अर्धा इंच अलीकडे थांबवल्यात. तेवढ्या पट्टीतले आतले थर कापून काढलेत, म्हणून खांदा सपाट बसतो. पाठीचा तुकडा थोडा तिरका लावलाय, हात पुढे घेतला तर ओढ बसू नये म्हणून. पाच-सहा जॅकेटं फुकट घालवल्याशिवाय हे कुणाला सुचत नाही. मी या धंद्यात आहे म्हणून सांगतो.

तीन खिशांचा डगला त्याचा नाही, हे मला ठाऊक आहे. फ्रान्समधले कामगार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तसा निळा डगला घालत आले. तो आकार आता सगळ्या जगाचा. पण ती अर्धा इंचाची पट्टी त्याची आहे. ती फोटोवरून उचलून चार हजारांत विकणं मला चोरी वाटते. ऑर्डर परत करावी असं मन म्हणतंय. घरात मात्र कुणाला हे पटत नाही. तुम्ही काय म्हणाल?

वाडीकर (सावंतवाडी)

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. शिवून द्या.

गिऱ्हाइकाने दाखवावं आणि शिंप्याने शिवावं, यावरच हा धंदा उभा आहे. तुमच्या वडलांनी सत्तरच्या दशकात बेलबॉटम शिवल्या नसतील? सफारी शिवले नसतील? ते काय त्यांनी शोधून काढले होते? पोस्टरवरच्या हिरोची कॉलर बघून पोरं दुकानात यायची आणि मास्तर रात्रीत फर्मा (कापडावर ठेवून कापायचा कागदी साचा) कापायचे. तेव्हा त्याला कुणी चोरी म्हटलं नाही, कौशल्य म्हटलं.

आणि ज्यांना आपण मोठे डिझायनर म्हणतो त्यांचं काय? इटलीतल्या बोलोन्याचा डिझायनर मासिमो ओस्ती घ्या. लष्कराचे आणि कामगारांचे जुने कपडे त्याने हजारोंनी जमवले, त्यांच्या फोटोकॉपी काढून तुकडे जोडले, त्यातून जॅकेटं केली. 1982 मध्ये त्याने स्टोन आयलंड हा ब्रँड काढला तो ट्रकच्या ताडपत्रीवरून सुचलेल्या कापडावर. जपानच्या ओसाकातले जीन्सवाले घ्या. 1979 पासून नव्वदच्या दशकापर्यंत एकेका दुकानाने लिव्हाइस या अमेरिकन कंपनीच्या जुन्या जीन्स उसवून रिव्हेट, टाका, धागा जसाच्या तसा केला. आज लोक त्या जीन्सला मूळ कंपनीच्या जीन्सपेक्षा जास्त पैसे मोजतात. अमेरिकेच्या ब्रुक्स ब्रदर्सची बटणवाली कॉलरसुद्धा इंग्लंडच्या पोलो खेळाडूंच्या शर्टावरून घेतलेली. त्यांनी केलं की 'प्रेरणा', आणि कुडाळच्या मास्तराने केलं की नक्कल? हा न्याय मला कधीच पटणार नाही.

निळीचा हात (रत्नागिरी, सध्या मुंबई)

वाडीकर, मी मुंबईत पुरुषांच्या कपड्यांचे फर्मे कापतो, म्हणून तुमची दोन उदाहरणं तपासून बघतो.

ओस्तीने लष्करी कोट घेतला हे खरं, पण तो घेऊन थांबला नाही. त्याचं मोठं काम रंगाचं. कापड आधी रंगवून मग शिवायचं ही रीत. त्याने कपडा शिवून झाल्यावर रंगवण्याची पद्धत फार पुढे नेली. शिवण, कापड, धागा, प्रत्येकजण रंग वेगळा पितो, त्यामुळे तयार कोटाला अशी छटा येते जी लष्कराच्या कोटाला कधी नव्हती. सैनिकाचा कोट आणि ओस्तीचा कोट शेजारी ठेवा, लहान मूलही वेगळे ओळखेल. काजबटणदादांच्या गिऱ्हाइकाला असं वेगळेपण हवंय का? त्याला तर कुणी ओळखू नये असा सारखेपणा हवाय.

ओसाकावाल्यांचं म्हणाल, तर अमेरिकेतल्या गिरण्यांनी रुंद आणि वेगवान माग आणले तेव्हा जुन्या अरुंद मागांवरचं, काठ असलेलं डेनिम मागे पडलं. हे लोक त्या कापडाच्या मागे लागले, म्हणून ते आज जिवंत आहे. आणि तिथेसुद्धा रेघ होतीच. 2007 साली लिव्हाइसने काही जपानी ब्रँडांवर अमेरिकेत दावे लावले. भांडण कशावरून? मागच्या खिशावरची दुहेरी कमान आणि खिशाच्या कडेची छोटी चिंधी. कापडावर किंवा बेतावर नाही. म्हणजे पँट कुणीही शिवा, पण आमची खूण लावून विकू नका.

जुन्या वस्तूवरून नवी करण्याचा मला सर्वांत प्रामाणिक वाटणारा रस्ता जपानी डिझायनर जुन्‌या वातानाबे याचा. तो 1984 मध्ये रेई कावाकुबो या डिझायनरच्या कॉम दे गार्सों या कंपनीत फर्मे कापायला लागला, 1992 पासून त्याच घरात स्वतःच्या नावाने काम करतो. पुरुषांच्या कपड्यांत तो लिव्हाइससारख्या जुन्या कंपन्यांचेच कपडे घेतो, उलटसुलट करतो, पण त्यांच्याबरोबर बसून करतो आणि लेबलवर त्यांचंही नाव असतं. काजबटणदादा, तुमच्याकडे आलेल्या त्या मुलाच्या जॅकेटवर कुणाचं नाव असणार आहे?

गोधडी (मालवण)

माका एकच इचारूचा असा. त्या मुंबयच्या डिझायनराक धावदोरो कोणी शिकयल्यान? दोन वर्सांमागे आमच्या वाडयेत एक झील इल्लो, जुन्यो गोधड्यो इकत घेवक. तोच की दुसरो, माका म्हायत नाय. माझ्या आवशीन तीन दिल्यान, दोनशे रुपयांक एक. एका गोधडयेत माझ्या आज्याचा धोतर होता. आज हय अडतीस हजाराचो डगलो वाचून पोटात कालवला.

अर्ध्या इंचाचा श्रेय तेका देवा, माजी हरकत नाय. पण ओळीचा श्रेय कोणाक? तुमी सगळे कॉलरीवर भांडतास, गोधडी शिवणारी बाई कोणाच्याच तोंडात नाय.

दर्यावर्दी (अलिबाग)

मालवणच्या ताईंचं वाचून प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीची आठवण झाली. जून 2025 मध्ये मिलानला त्यांचा पुरुषांच्या कपड्यांचा शो झाला, मॉडेलांच्या पायात कोल्हापुरी, आणि सुरुवातीला कोल्हापूरचं नावच नाही. कोल्हापुरीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकचे चार जिल्हे धरून. तेव्हा आपण सगळे किती तुटून पडलो होतो! महाराष्ट्र चेंबर या व्यापाऱ्यांच्या संघटनेने पत्र लिहिलं, मग प्राडाने हे भारतीय कारागिरीवरून घेतल्याचं मान्य केलं. आता तेच आपण कुडाळात फोटोवरून जॅकेट शिवायला 'धंदा आहे' म्हणणार असू, तर त्या दिवशी आपण कशासाठी ओरडलो?

वाडीकर (सावंतवाडी)

दर्यावर्दी, हे दोन्ही एका तराजूत घालू नका. प्राडा जगभर दुकानं असलेली कंपनी, समोर चामडं कमावणारा माणूस. इथे उलट आहे. अडतीस हजार घेणारा डिझायनर वर, आणि पावसात गळणाऱ्या पत्र्याखाली बसलेला मास्तर खाली. खालून वर बघून केलेली नक्कल आणि वरून खाली हात घालून केलेली उचल एकच आहे, असं मी मानत नाही. गरिबाने बघून शिकायचं नाही, तर शिकायचं कुठे?

निळीचा हात

तो डिझायनर 'वर' आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं? पंचवीस-तीस नगांचा धंदा म्हणजे काय ते मी रोज बघतो. एक कारागीर, एक फर्मेवाला, भाड्याची खोली, कापडाचे पैसे आधी, गिऱ्हाइकाचे सहा महिन्यांनी. मोठ्या कंपनीची नक्कल झाली तर तिचं बूड हलत नाही. अशा छोट्याची पाच जॅकेटं गेली तर पुढच्या खेपेचं कापड येत नाही. आणि शिकायला कोण नको म्हणतंय? मी स्वतः जुने कोट उसवून शिकलो. माझे उस्ताद एक कोट द्यायचे, म्हणायचे, सगळी शिवण उसव, सपाट कर, फर्मा काढ, परत जोड. तो परत जोडलेला कोट विकायला मात्र त्यांनी कधीच परवानगी दिली नाही.

वकीलकाका (चिपळूण)

कायद्याचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

आपल्याकडे कपड्याच्या बेताला संरक्षण हवं तर 2000 च्या डिझाइन कायद्याखाली नोंदणी करावी लागते, तीही माल लोकांसमोर येण्याआधी. मिळालं तर दहा वर्षं, वाढवून आणखी पाच. छोटे डिझायनर सहसा या फंदात पडत नाहीत, कारण नोंदणी होईपर्यंत हंगाम संपतो.

नोंदणी नसेल तर कॉपीराइट कायद्याचं कलम 15 येतं. नोंदवता आला असता पण नोंदवला नाही, असा बेत औद्योगिक पद्धतीने पन्नासपेक्षा जास्त नगांवर उतरला की त्यातला कॉपीराइट संपतो. 2016 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात रितिका विरुद्ध बिबा या खटल्यात हेच झालं. रेखाटनांच्या कॉपीराइटवर दावा होता, तो या कलमामुळे टिकला नाही. तुमचा डिझायनर पंचवीस-तीसच नग करतो, म्हणून पन्नासच्या आत असेल तर त्याच्या रेखाटनाचा थोडा तरी हक्क शिल्लक असू शकतो. पण खिशांची जागा, बाहीचा बेत, ती अर्ध्या इंचाची पट्टी, यावर कोर्टात उभं राहणं फार अवघड. एका गिऱ्हाइकासाठी एक जॅकेट शिवलं म्हणून कुडाळात नोटीस येईल, असं मला वाटत नाही.

आणि मालवणच्या ताई, वाईट वाटतं लिहायला, पण गोधडीच्या धावदोऱ्याला या दोन्ही कायद्यांत जागा नाही. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या टाक्याला कायदा नवा बेत मानत नाही, आणि त्याचा एक कर्ताही दाखवता येत नाही.

काजबटण

सगळं दोनदा वाचलं. काय झालं ते सांगतो.

मालवणच्या ताईंचं वाचून आईला विचारलं, तू गोधडी कुणाकडून शिकलीस? म्हणाली, शेजारच्या काकूंच्या ओटीवर बसून, बघून. मग तीही नक्कलच की, असं मी म्हटलं. त्यावर तिने कपाटातल्या दोन गोधड्या काढून माझ्यापुढे पसरल्या. काकूंच्या ओळी कडेपासून आत वळत जातात. आईच्या सरळ जातात, आणि कोपऱ्यात आल्या की दोन टाके मागे घेऊन वळतात. म्हणाली, वाडीत कुठलीही गोधडी वाळत घातलेली दिसली तरी कुणाची ते लांबून कळायचं. एवढी वर्षं मी त्या गोधड्या पांघरल्या, पण हे कधी पाहिलं नव्हतं.

मग त्या गिऱ्हाईक मुलाला बोलावून सांगितलं. तीन खिशांचा डगला शिवतो, माझ्या कटिंगने. घरातली जुनी गोधडी घेऊन ये, तिच्या ओळी जशा आहेत तशा पाठीवर ठेवतो. खांद्याचा जाडपणा कसा काढायचा ते माझं मी शोधतो, त्यात एखादं कापड फुकट गेलं तर माझं. पैसे तेच, चार हजार. त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "मास्तर, पण मग ते *त्यांचं* वाटणार नाही ना." तेव्हा मला कळलं की त्याला जॅकेट नकोच होतं. बघणाऱ्याने अडतीस हजार ओळखावेत, हे त्याला हवं होतं. ते मला शिवून देता येत नाही. हजार रुपये परत दिले.

वाडीकर, तुमचं एक म्हणणं मला पटलंय. वडलांनी पोस्टर बघून कॉलरी शिवल्या, आणि मला त्याची लाज नाही. पण त्या कॉलरी घालून कुणी 'ही अमुक दुकानाची' म्हणत नव्हता. सगळ्यांना ठाऊक होतं की कुडाळच्या मास्तराने शिवल्यात.

वाडीकर

मला अजूनही पटलेलं नाही. तो मुलगा उद्या माझ्या गावात येईल आणि कुणीतरी तीन हजारांत शिवून देईल. तुमचे चार हजार गेले, डिझायनरचंही काही वाचलं नाही. गणपतीच्या तोंडावर कारागिराचा पगार कुठून देणार, याचं उत्तर या सगळ्या चर्चेत कुणी दिलं नाही.

पण आईच्या गोधडीची गोष्ट वाचून माझ्या घरातली काढली. आजीची आहे, एका बाजूने विरलीय. तुम्ही मुलाला सांगितलंत तसा डगला मला शिवून द्याल का? छाती 42, उंची 5 फूट 8. चार हजार देतो.

काजबटण

घेऊन या. धुऊ नका, तशीच आणा. कुठे किती विरलीय ते उन्हात धरून बघायला हवं.

निळीचा हात

दादा, विरलेलं कापड मुंढ्याला टिकणार नाही, पहिल्याच धुण्यात फाटेल. तिथे आतून मांजरपाटाची दोन बोटं रुंद पट्टी लावा, आडवी नको, तिरकी कापलेली. मांजरपाट आधी दोनदा धुऊन घ्या, नाहीतर नंतर आटून गोधडीला चुण्या पाडेल.

गोधडी (मालवण)

आणि खिशाच्या भितर कोणाची गोधडी ता नाव शिवा. आजयेचा नाव.